शून्याचा डाव

माझा हात आधी उठतो आणि डोकं मागाहून पोचतं. हे मी नाही सांगत, आमच्या रस्त्यावरचं कोणीही सांगेल. मध्यंतरी एक गिऱ्हाईक म्हणालं, "बाईमाणसाचं वेल्डिंग, टिकेल का हो?" मी घण उचलला आणि त्याच्याच नव्या गेटवर त्याच्यासमोर दणादण घाव घातले. गेट जागचं हललं नाही. शेवटचा घाव निसटून त्याच्या गाडीच्या दिव्यावर बसला, दिवा गेला. मामा म्हणाला, "गेट पास, तू नापास."

मामा म्हणजे माझा सख्खा मामा. गेटं, जिन्याचे कठडे, खिडक्यांच्या जाळ्या करायचं हे दुकान माझ्या बापाचं. बाप गेल्यावर मी चालवायला घेतलं, मापं घ्यायला मामा आला. वेल्डिंगला माझ्या जोडीला एक कारागीर आहे, त्याला सगळे दाढी म्हणतात. त्याला खरं नाव आहे म्हणे, पण ते पगाराच्या दिवशीही कोणी घेत नाही. ठिणग्यांनी दाढी सारखी जळते, तरी पठ्ठ्या काढत नाही.

दुपारी डबे खाऊन झाले की आमचा एक डाव असतो. फोनवर व्हिडिओ काढला की त्याला त्या दिवसाची तारीखच नाव म्हणून लागते. जगात इतके आळशी लोक आहेत की ते नाव न बदलता तसाच नेटवर चढवतात. मग तो कोणाला सापडत नाही, कारण असल्या नावाने शोधणार कोण? आम्ही! तिघं आपापल्या फोनवर आजची तारीख टाकतो. सगळ्यात कमी वेळा पाहिलेला व्हिडिओ ज्याला मिळेल तो जिंकला, हरलेल्याने चहा करायचा. शून्य मिळालं तर मग विचारूच नका. म्हणजे जगात आपणच पहिले.

काय काय निघतं म्हणून सांगू! कोणी गळका नळ दाखवतंय. एक म्हातारा कॅमेऱ्याकडे बघत नुसता बसलेला, शेवटी "चालू आहे का हे?" म्हणतो आणि संपतं. दाढीला असले म्हातारे आवडतात. मला मारामारी लागते. पार्किंगमध्ये दोघं एकमेकांच्या उरावर बसलेत, एकाचा दात तुटून गाडीच्या काचेवर आपटलाय, असं काही निघालं की मी डबा बाजूला ठेवून ओरडते, "हाण! अजून एक हाण!" मामा म्हणतो, "बापावर गेलीस." मी म्हणते, "मग काय तुझ्यावर जाऊ?"

त्या दिवशी शून्य मला मिळालं.

व्हिडिओ अगदी खालून काढलेला होता, म्हणजे फोन कुठेतरी जमिनीलगत टेकवून ठेवला असावा. समोर फरशी, फरशीवर एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन पडलेला. अंगावर डोक्यापासून पायापर्यंत जाड पांघरूण. आणि त्या पांघरुणावर वरून सळई पडत होती. मारणारा दिसत नव्हता, नुसती सळई खाली यायची आणि वर जायची. माझ्या फोनचा आवाज लोखंडाच्या भुशाने कधीच गेलाय, त्यामुळे सगळं मुक्यानेच चाललेलं. दाढी म्हणाला, "नाटक दिसतंय. खालचा माणूस ओरडतोय कुठे?" मी म्हणाले, "तुला काय ऐकू येतंय, बहिऱ्या!" आणि आम्ही दोघं हसलो. हसलो आम्ही, खोटं कशाला बोलू.

मामा हसला नाही. त्याने चष्मा वर केला आणि म्हणाला, "मागे घे जरा."

मागे घेतलं. भिंतीत खिडकी होती, खिडकीला जाळी. जाळीवर लोखंडी फुलांची रांग आणि त्यातलं एक फूल उलटं, देठ वर आणि पाकळ्या खाली. ते फूल मीच उलटं लावलेलं. त्या दिवशी दाढीवर संतापले होते, रागाच्या भरात लावलं आणि रंग देईपर्यंत लक्षातच आलं नाही. मी कापून परत लावणार होते, पण धाकटी म्हणाली, "राहू दे ताई, तुझी सही समजेन." ती जाळी माझ्या धाकट्या बहिणीच्या घरची होती.

आणि ते पांघरूण! अंगावर पांघरूण टाकून सळईने मारायचं ही आमच्या बापाची पद्धत. वळ उठत नाहीत, हाड मोडत नाही, आवाज शेजारी जात नाही. शाळेत मास्तरांना दिसायला काही उरत नाही. आम्ही दोघी बहिणी एकाच पांघरुणाखाली मार खात वाढलो. धाकटी खाली असायची आणि मी तिच्यावर, कारण मी मोठी. हे या जगात मामाला ठाऊक, मला ठाऊक आणि तिला ठाऊक. चौथा कोणाला ठाऊक असेल तर तिच्या नवऱ्याला, तिनेच सांगितलं असेल तर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे तिने त्याला सांगितलं असणार! कधीतरी जीव लावून, रडून, आपला म्हणून सांगितलं असणार आणि या हरामखोराने तीच युक्ती उचलून तिच्यावरच चालवली. तिचा नवरा शिंपी आहे. घरातल्या पुढच्या खोलीत मशीन टाकून शिवतो. बोलला तर कानाला ऐकू येत नाही, हसला तर दात दिसत नाहीत. मी त्याला मेण म्हणायचे. 'मेण, जेवला का?' 'मेण, बायकोला काय म्हणतोस?' तोही हसायचा बापडा. बापडा कसला, आतल्या गाठीचा निघाला!

मी कोपऱ्यातली जाड सळई उचलली. मामा मध्ये आला. "आधी तिला फोन कर."

"फोन त्याच्या हातात असला तर?"

"मग मी येतो बरोबर."

"तू मला धरशील. मला आज कोणी धरायचं नाही."

"अगं, मारणारा दिसला कुठे तुला? हाताची घाई करू नकोस, मी पाया पडतो तुझ्या!"

मी त्याला ढकललं, तो पत्र्यांच्या चळतीवर जाऊन बसला. दाढीला म्हणाले, "मध्ये आलास तर आज उरलेली दाढीही जाईल." टेम्पोची किल्ली घेतली आणि निघाले. रस्त्यात मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. सिग्नल तोडले, एका हातगाडीला घासले, मागून शिव्या आल्या. डोळ्यांसमोर एकच होतं की धाकटी पांघरुणाखाली आहे आणि आज तिच्या अंगावर मी नाही.

दार उघडंच होतं. तो मशीनवर बसला होता, पायाखाली कापडाच्या चिंध्या, कानावर खडू. मला बघितल्यावर त्याचा चेहरा असा काही खुलला की काय सांगू. तो उठला, दोन्ही हात पुढे करून आला आणि म्हणाला, "ताई! सापडलं तुम्हाला? आलात?"

मला तो निर्लज्जपणा वाटला. सापडलं का म्हणे!

पहिला घाव मी पुढे आलेल्या हातावर घातला, उजव्या मनगटाच्या जरा वर. हाड मोडल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तो ओरडला नाही, हात पोटाशी धरून मटकन खाली बसला. दुसरा खांद्यावर बसला. तिसरा चुकला आणि मशीनवर आदळला, सुई तुटून उडाली. मी ओरडत होते, "माझ्या बहिणीवर हात टाकतोस? पांघरूण टाकून मारतोस? कोणी शिकवलं तुला?" तो फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडला आणि डावा हात डोक्यावर घेतला. त्याच्या तोंडातून एकच शब्द निघत होता, "ताई, ताई, ताई."

मी लाथ घातली. त्याचा शर्ट वर सरकला आणि त्याची पाठ उघडी पडली.

पाठ हिरवी, पिवळी, काळी होती. जुने डाग, त्यावर नवे. पांघरुणातून मारलं की असंच होतं, वळ उठत नाही पण आत रक्त साकळतं आणि दिवस गेले की रंग बदलत जातो. हे मला कोणी शिकवायला नको. माझीच पाठ होती ती, माझ्या लहानपणची. आणि ही पाठ मी आत्ता फोडलेली नव्हती. मी तर हातावर मारलं होतं.

सळई माझ्या हातातच राहिली. डोकं मागाहून पोचतं म्हणाले ना, तर ते आत्ता पोचत होतं, पाय ओढत. पांघरुणाची रीत ज्याला ठाऊक होती असा माणूस या घरात एकच होता आणि तो शिंपी नव्हता.

तेवढ्यात धाकटी बाहेरून दारात आली. हातात बाजाराची पिशवी, केस नीट विंचरलेले, अंगावर ओरखडासुद्धा नाही. तिने आधी मोडकं मशीन बघितलं, मग त्याला बघितलं, मग मला. आणि तिला केवढा आनंद झाला!

"बरं केलंस ताई," ती म्हणाली. "मला वाटायचं तुला कळलं तर तू याचीच बाजू घेशील. तुला हा गरीब वाटतो ना!"

"धाकटे, काय केलं याने?"

"काय केलं? बावळट आहे. सांगितलेलं लक्षात ठेवत नाही, विचारलं तर उत्तर देत नाही, नुसता बघत बसतो. डोक्यात जातो माझ्या. तुझ्या नाही गेला आत्ता?"

तिने पिशवी नीट टेबलावर ठेवली, आतले टोमॅटो दबू नयेत म्हणून बाजूला सारली आणि सहज चालत येऊन त्याच्या मोडलेल्या हातावर पाय दिला. त्याच्या घशातून चिरडलेल्या पिल्लासारखा आवाज आला. तिने खुर्चीवरचं पांघरूण ओढलं, एका झटक्यात त्याच्या अंगावर टाकलं आणि वाकून म्हणाली, "आवाज बाहेर गेला तर अजून पडतील."

हे वाक्य बापाचं होतं. शब्द तेच, सूर तोच, 'अजून'वर तोच जोर. इतक्या वर्षांनी मी परत लहान झाले आणि मला मुतायला लागली, खरंच सांगते.

तिने माझ्यापुढे हात केला. "दे सळई."

आणि माझा हात पुढे झाला हो! म्हणजे द्यायला निघाला. त्या सुरात मागितलं की द्यायचं, ही सवय आमच्या हाडात. मी तो हात मागे ओढला, तिने सळईचं दुसरं टोक पकडलं आणि आमची झटापट जुंपली. मी अंगाने दुप्पट, पण ती चवताळलेली. तिने माझ्या कानाखाली वाजवली. मी तिला भिंतीवर आपटलं. ती माझ्या दंडाला चावली, मांस तोंडात येईपर्यंत, मी तिचे केस धरून मान मागे ओढली. दोघी मशीनवर पडलो, मशीन आमच्यासकट आडवं झालं. तिच्या कपाळातून रक्त आलं. ते तिच्या डोळ्यात गेलं आणि ती एकदम लहान मुलीसारखी भोकाड पसरून रडायला लागली. "ताई, तू मला मारतेस? तू मला?"

मला तिला जवळ घ्यायचं होतं. देवाशपथ, इतकं सगळं बघूनही मला पहिलं तेच करायचं होतं. आयुष्यभर मी तिच्या अंगावर आडवी पडून मार खाल्ला, तिला खरचटलं तर माझा जीव वरखाली व्हायचा. पण पांघरुणाखालचा माणूस हलत नव्हता.

मी तिला सोडलं, सळई खिडकीच्या जाळीतून बाहेर टाकली, पांघरूण काढलं आणि शिंप्याला उचललं. वजन असं नव्हतंच त्याला. दारापर्यंत धाकटी माझ्या पाठीवर बुक्क्या मारत आली. "तो माझा नवरा आहे! कुठे नेतेस? तू कोण मध्ये पडणारी?" मी त्याला टेम्पोत घातलं. तिने दरवाजा धरून ठेवला. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. लहानपणी तिला रस्ता ओलांडून देताना हीच बोटं धरायचे. ती ओरडत राहिली आणि मी गाडी काढली.

रस्त्यात तो शुद्धीवर आला. रडत नव्हता. मोडलेला हात मांडीवर ठेवून कापडाचं नुकसान बघावं तसा बघत होता. शिंप्याचा उजवा हात तो.

मी म्हणाले, "बोलला का नाहीस रे माझ्याशी? एवढं रेकॉर्ड करून नेटवर टाकत बसलास, तोंड नव्हतं का?"

"बोललो होतो ताई. जिन्यात. मी म्हणालो, हिचा राग आता मला झेपत नाही. तुम्ही म्हणालात, आमच्या घरात गाई जन्माला येत नाहीत, मेणासारखं राहून चालायचं नाही. आणि हसलात."

मला आठवलं. हसले होते. जेवणाच्या घाईत होते.

"फोन ती रोज बघते," तो म्हणाला. "कोणाला काही पाठवलं की कळतं. पण तुम्ही त्या दिवशी जेवताना तुमचा तो डाव सांगितला होता ना, तारीख टाकून शोधायचा. मग मी रोज काढायचो, त्याच नावाने चढवायचो आणि फोनमधून पुसून टाकायचो. खिडकी दिसेल असा ठेवायचो. म्हटलं, ताईंना जाळी ओळखू येईल. तुम्ही रोज शोधता. एखाद्या दिवशी सापडेलच."

"आणि सापडलं," मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला. "तुम्ही आलात तेव्हा मला फार बरं वाटलं होतं."

त्यानंतर मला गाडी चालवता येईना. रस्त्याच्या कडेला उभी केली, स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे तर संन्याशानेच मला हाक मारून बोलावलं होतं. त्याने डाव्या हाताने माझ्या पाठीवर थोपटलं. मला त्याचा इतका राग आला! मी त्याचा हात मोडला आणि हा मला थोपटतोय. मग लक्षात आलं की घरी तो हेच करत असणार. मार खाऊन झाला की मारणारीला थोपटायचं, म्हणजे ती लवकर शांत होते. मी डोळे पुसले आणि गाडी सुरू केली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होती, पण डोळा तयार होता. तिने हात बघितला, शर्ट वर करून पाठ बघितली, माझ्या दंडावरचा चावा बघितला, माझ्या हातांवरचं रक्त बघितलं. परिचारिकेला दार लावायला सांगितलं आणि खुर्ची ओढून त्याच्या अगदी समोर बसली.

"घाबरू नका," ती म्हणाली. "हे कोणी केलं?"

तो बोलायच्या आधी माझ्याकडे बघायला लागला. काय सांगू, पडलो म्हणू का, असं विचारत होता नुसत्या नजरेने, परवानगी मागत होता. धाकटीकडे असाच बघत असेल. मलाही भीत होता तो, तिच्याइतकाच.

"पडलो मी, जिन्याव..." तो सुरू झाला.

"गप्प बस," मी म्हणाले. मग डॉक्टरीणबाईला म्हणाले, "आम्ही मारलं. मी आणि माझ्या बहिणीने. दोघींची नावं लिहा, आणि पोलीस आले की मला आत बोलवा, मी इथेच बाहेर बसते."